शिवणकामाच्या चॅनेलवर घर चालवायचं असेल तर पैसे कुठून येतात, ते नीट समजून घ्या

ब्लाऊज कटिंग शिकवणारे मराठी चॅनेल आता खूप झालेत आणि मला त्याचा आनंदच आहे, कारण ज्या बाईला तालुक्याला जाऊन क्लास लावायला घरून परवानगी नाही ती आता दुपारी मोबाईल डब्याला टेकवून मुंढ्याचा, म्हणजे बाही जोडायच्या जागेचा, आकार काढायला शिकते. पण चॅनेल चालवणाऱ्या ताया भेटल्या की एकच विचारतात, व्ह्यूज येतात, लग्नात कुणीतरी ओळखतं, फोटो काढतं, पण महिनाअखेर हातात काही राहत नाही, असं का होतं? म्हणून हे सगळं एकदाच सविस्तर लिहितेय. उदाहरणं शिवणकामाचीच देणार, मला तेच कळतं, पण मेंदी, रांगोळी, क्रोशे, स्वयंपाक काहीही शिकवत असाल तरी हिशोब बराचसा असाच असतो.

तर आधी हिशोबच करू. यूट्यूब स्टुडिओत कमाईच्या टॅबमध्ये आरपीएम नावाचा आकडा दिसतो, म्हणजे हजार व्ह्यूजमागे तुम्हाला मिळणारी रक्कम. प्रत्येकीचा वेगळा असतो त्यामुळे दुसऱ्या कुणाचा विचारत बसू नका, स्वतःचा बघा. समजा तो ३० रुपये आहे. मग १ लाख व्ह्यूजचे झाले ३००० रुपये. आता समजा तुम्ही कटोरी ब्लाऊजचं पेपर कटिंग, म्हणजे मापाने कापायचा कागदी नमुना, २५० रुपयांना विकता, त्यात कागद, छपाई, पाकीट, पोस्ट असे १०० जातात आणि १५० उरतात. तेच ३००० मिळवायला २० पेपर कटिंग विकावी लागतात. एकीकडे १ लाख व्ह्यूज आणि एकीकडे २० बायका. त्या २० जणींना ब्लाऊज नीट बसला तर त्यातल्या बऱ्याच जणी पुढे प्रिन्सेस कटचंही मागतात आणि जावेला, नणंदेलाही सांगतात. जाहिरातीचा पैसा येऊ दे, आला तर चांगलंच आहे, पण त्याला वरचा पैसा समजा. घरखर्च ज्याच्यावर टाकायचा तो पैसा तुमच्याकडून थेट विकत घेणाऱ्या आणि परत येणाऱ्या बायकांचा असायला हवा, आणि खाली जे जे सांगतेय ते सगळं याच एका गोष्टीसाठी आहे.

आता व्हिडिओ कसले करायचे. नवीन गळ्याचं डिझाईन, नवीन बाही, असले व्हिडिओ चार दिवस धावतात आणि मग पडून राहतात कारण पुढच्या आठवड्यात दुसरं डिझाईन आलेलं असतं. बाईची अडचण मात्र बदलत नाही. मुंढ्यात पुढून चुण्या पडतात, मागचा गळा मोठा ठेवला की शोल्डर खांद्यावरून उतरतो, कटोरीला टोक येतं, हात वर केला की ब्लाऊज वर सरकतो. हे प्रश्न दहा वर्षांपूर्वी पण होते आणि पुढेही राहणार, आणि रात्री ब्लाऊज उसवत बसलेली बाई हेच शब्द जसेच्या तसे शोधते. म्हणून शीर्षकात तिचेच शब्द घाला. कमेंटमध्ये आलेले प्रश्न एका वहीत लिहीत जा, एकच प्रश्न वेगवेगळ्या जणींनी विचारला की त्याचा व्हिडिओ करायचाच.

असा एक व्हिडिओ कसा करायचा ते नीट सांगते. चुण्यांचाच घ्या. सुरुवातीला स्वतःची ओळख, चॅनेलचं नाव, लाईक करा वगैरे काही नको, पहिल्या पंधरा सेकंदांत घातलेला ब्लाऊज दाखवा, चुण्या कुठे पडतायत तिथे बोट ठेवा. मग कारण सांगा, की पुढच्या भागाचा मुंढा मागच्यापेक्षा थोडा जास्त खोल लागतो आणि आपण दोन्ही भाग एकाच खुणेवर कापले म्हणून ते जादाचं कापड पुढे गोळा झालं. मग ब्राऊन पेपरवर दोन्ही आकार एकावर एक ठेवून फरक दाखवा, टेपवरचा आकडा कॅमेऱ्यात वाचता आला पाहिजे, आणि छाती ३६ ची असेल तर चौथा भाग ९ आणि लूजिंग, म्हणजे ढिलेपणासाठीचं जादा माप, किती धरलं हे तोंडाने बोला, नुसतं हात फिरवत जाऊ नका. नंतर ज्यांचा ब्लाऊज आधीच शिवून झालाय त्यांनी काय करायचं ते सांगा, बाही कुठपासून कुठपर्यंत उसवायची, किती छाटायचं. हा भाग बहुतेक चॅनेलवर नसतोच, आणि बाईला खरी गरज त्याचीच असते कारण गिऱ्हाईक संध्याकाळी ब्लाऊज न्यायला येणार असतं! शेवटी तोच दुरुस्त केलेला ब्लाऊज घालून दाखवा. कॅमेरा महाग नको, मोबाईल वरून खाली बघणारा लावा, गडद कापडावर पांढरा खडू, खिडकीचा उजेड, आणि माईक मात्र घ्या. चित्र थोडं कमी चांगलं असलं तरी बाई बघते, आवाजात पंखा आणि कुकरची शिट्टी आली तर ती निघून जाते.

शॉर्ट्स, म्हणजे छोटे उभे व्हिडिओ, करावेत का, तर हो, पण ते कशासाठी करतोय हे लक्षात ठेवून. शॉर्ट्सची कमाई फेब्रुवारी २०२३ पासून वाटून मिळते, क्रिएटरला तिच्या वाट्याच्या रकमेतले ४५ टक्के, मोठ्या व्हिडिओच्या जाहिरातीत ५५ टक्के. शिवाय शॉर्ट्सच्या फीडमधले तास जाहिरातींच्या कमाईसाठी लागणाऱ्या ४००० तासांत धरत नाहीत. शॉर्टमध्ये अडचण दाखवायची आणि खाली पूर्ण व्हिडिओ जोडून द्यायचा, एवढ्यापुरतं ते उत्तम काम करतं.

कमाई सुरू व्हायच्या अटी नीट सांगते कारण यात फार घोळ घालतात लोक. ५०० सबस्क्रायबर, ९० दिवसांत ३ पब्लिक व्हिडिओ आणि वर्षभरात बघितले गेलेले ३००० तास किंवा ९० दिवसांत शॉर्ट्सवर ३० लाख व्ह्यूज झाले की मेंबरशिप, सुपर थँक्स असलं, म्हणजे प्रेक्षकांनी थेट पैसे द्यायच्या सोयी, चालू होतं. जाहिरातींसाठी १००० सबस्क्रायबर आणि वर्षभरात ४००० तास, किंवा ९० दिवसांत शॉर्ट्सवर १ कोटी व्ह्यूज. अॅडसेन्समध्ये, म्हणजे ज्यातून यूट्यूबचे पैसे मिळतात त्या गूगलच्या खात्यात, १० डॉलर झाले की पत्ता खरा आहे का ते बघायला पोस्टाने पिन येतो. गावाकडचा पत्ता असेल तर वाडी, मुक्काम, पोस्ट, तालुका, पिनकोड सगळं नीट भरा आणि पोस्टमनदादांना आधीच सांगून ठेवा कारण ते छोटंसं पाकीट सहज हरवतं. १०० डॉलर जमल्याशिवाय पैसे निघत नाहीत, कमी असले तर पुढच्या महिन्यात जातात, आणि निघाले की २१ ते २६ तारखेच्या दरम्यान. बँकेचा स्विफ्ट कोड लागतो, बऱ्याच छोट्या शाखांना स्वतःचा नसतो, तेव्हा शाखेत जाऊन परदेशी पैसे कुठल्या कोडवर घ्यायचे ते लिहून घ्या. आणि अमेरिकेचा टॅक्स फॉर्म, डब्ल्यू-८बेन, तो भरलाच पाहिजे. भरला आणि भारताच्या कराराचा पर्याय निवडला की अमेरिकेतल्या प्रेक्षकांकडून आलेल्या कमाईवरच १५ टक्के कापतात. नाही भरला तर जगभरच्या सगळ्या कमाईवर २४ टक्क्यांपर्यंत जाऊ शकतात. न्यू जर्सीत बसून मराठी व्हिडिओ बघणाऱ्या ताया आहेत बऱ्याच, त्यांच्या व्ह्यूजचे पैसे चांगले येतात, त्यामुळे हा फॉर्म आपल्याला लागू नाही असं समजू नका.

वर्षाचं गणित हा पुढचा भाग. ऑक्टोबर ते डिसेंबर जाहिरातींचे दर चढे असतात आणि जानेवारीत धाडकन उतरतात, तेव्हा चॅनेल मेलं म्हणून घाबरून रोज व्हिडिओ टाकत सुटू नका, ते दर वर्षी होतं. आपल्या कामाचं वर्ष वेगळं आहे. तुळशीचं लग्न झालं की लग्नसराई, संक्रांतीला काळ्या साडीवरचे ब्लाऊज, मग पाडवा, वैशाखातली लग्नं. आषाढात शिलाई मंदावते, आणि पुढे गौरी-गणपती, नवरात्राचे नऊ रंग, दिवाळी. शिवणारी बाई शिकायला येते सणाच्या तीन-चार आठवडे आधी, सणाच्या आठवड्यात तिला मान वर करायला वेळ नसतो आणि तुम्हालाही नसतो. म्हणून आषाढात बसून पुढच्या महिन्यांचे व्हिडिओ शूट करून ठेवा, एका दिवशी नुसती कटिंग, एका दिवशी नुसती शिलाई, म्हणजे दर वेळी टेबल मांडा आणि उचला हा त्रास नाही. आठवड्याला एक व्हिडिओ वर्षभर टाकणारी टिकते, महिनाभर रोज टाकून मग मानेला पट्टा लावून बसणारी टिकत नाही. पाठ आणि डोळे हे या धंद्याचं पहिलं भांडवल आहे, मशीन नंतर.

आता विकायचं काय. सुरुवात पेपर कटिंगपासून करा. छापील पूर्ण मापाचं पोस्टाने पाठवता येतं किंवा पीडीएफ देता येते जी ती बाई जवळच्या झेरॉक्सवाल्याकडून ए-४ वर काढून चिकटवून घेते. पीडीएफमध्ये एक मोठी अडचण आहे, तिच्याकडे लक्ष द्या. झेरॉक्सवाला प्रिंट काढताना पान बसवायला म्हणून मशीन आपोआप आकार थोडा लहान करतं आणि ३६ चा ब्लाऊज ३५ ला पण होत नाही, मग ती म्हणणार ताईंचं मापच चुकीचं. म्हणून पहिल्या पानावर २ इंच बाय २ इंचाचा चौकोन छापा आणि मोठ्या अक्षरात मराठीत लिहा, आधी हे एकच पान १०० टक्के आकारात काढा, टेपने चौकोन मोजा, बरोबर २ इंच आला तरच बाकीची पानं काढा. प्रत्येक पानाच्या कडेला अ, आ, इ अशा जुळवायच्या खुणा द्या. शिलाई मार्जिन धरलंय की नाही तेही तिथेच लिहा. एवढं केलं की तक्रारी अगदी कमी होतात, आणि हीच काळजी बघून ती दुसऱ्यांदा येते.

साईज सगळ्या एकदम काढू नका, ३२ ते ४० आधी, मग मागणी बघून ४२, ४४. खरं सांगायचं तर मोठ्या मापांचं चांगलं पेपर कटिंग फारसं कुणी देत नाही, ४४ च्या बाईला सगळीकडून नाही ऐकायला मिळतं, तिच्यासाठी नीट केलंत तर ती तुम्हाला सोडणार नाही. कॅश ऑन डिलिव्हरी देऊ नका, परत आलेल्या पाकिटांचं जाण्या-येण्याचं पोस्ट तुमच्या अंगावर पडतं. यूपीआयने आधी पैसे, मग स्पीड पोस्ट, मग ट्रॅकिंग नंबर व्हॉट्सअॅपवर.

पेपर कटिंगनंतर ऑनलाईन बॅच. इथे एक समजून घ्या, व्हिडिओ तर यूट्यूबवर फुकट आहेतच, बाई पैसे देते ते तिचं काम कुणीतरी तपासून द्यावं म्हणून. तिने कापलेल्या कागदाचा फोटो पाठवला आणि तुम्ही त्यावर लाल खूण करून सांगितलं की ताई इथे पाव इंच बाहेर घ्या, याचे पैसे आहेत. म्हणून रेकॉर्ड केलेला कोर्स हजार जणींना विकायच्या मागे लागण्यापेक्षा छोटी बॅच घ्या, जेवढ्या जणींचं काम तुम्ही रोज खरोखर बघू शकता तेवढीच. झूमवर फुकटात ४० मिनिटं मिळतात, एका धड्याला पुरतात. फी ठरवताना लाईव्ह क्लासचे तास अधिक फोटो तपासायचे तास अधिक शंकांचे तास असे सगळे मोजा आणि तेवढ्या तासांत शिलाईचे किती मिळाले असते ते बघा, त्याच्या खाली फी ठेवू नका. ओळखीच्या म्हणून कमी, गरीब आहे म्हणून कमी, असं प्रत्येकीला वेगळं करू नका. मदत करायचीच तर बॅचमध्ये एक जागा ठरवून बिनफीची ठेवा.

नंबरचं मी अगदी कळकळीने सांगते. घरचा, स्वतःचा मोबाईल नंबर व्हिडिओत कधीच देऊ नका. वेगळं सिम घ्या, त्यावर व्हॉट्सअॅप बिझनेस, अनोळखी कॉल बंद, उत्तर द्यायची वेळ लिहून ठेवलेली, समजा दुपारी २ ते ४. बाई चॅनेल चालवते म्हटल्यावर रात्री-अपरात्री व्हिडिओ कॉल करणारे लोक आहेत, आणि त्यांच्या भीतीने घरच्यांनी चॅनेल बंद करायला लावलं असं फार चांगल्या शिकवणाऱ्या तायांच्या बाबतीत झालंय. कोणी त्रास दिला तर स्क्रीनशॉट काढून ब्लॉक करा आणि सायबर क्राईमच्या सरकारी पोर्टलवर तक्रार करा, गप्प बसू नका.

ब्रँडचे पैसे. मशीन कंपन्या, अस्तर-मॅचिंगची दुकानं, कात्री-टेप विकणारे, यांचे मेसेज येतात. पहिली गोष्ट, पैसे किंवा वस्तू काहीही घेतलं तर ते व्हिडिओत स्पष्ट सांगायचं. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जानेवारी २०२३ मध्ये याची नियमावली काढलीय आणि दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला ग्राहक संरक्षण कायद्यात १० लाखांपर्यंत दंड आहे, पुन्हा केलं तर ५० लाखांपर्यंत. व्हिडिओ मराठी असेल तर तोंडानेच मराठीत सांगा की ही सशुल्क जाहिरात आहे, आणि यूट्यूबवरची पेड प्रमोशनची खूण पण करा. दुसरं, अर्धे पैसे आधी. तिसरं, तुमचा व्हिडिओ कंपनी स्वतःच्या जाहिरातीत वापरणार असेल तर किती महिने आणि त्याचे वेगळे किती हे लिहून घ्या, हे बहुतेक जणी विचारतच नाहीत. ओव्हरलॉक मशीन वगैरे ठेवून घेतलं आणि वर्षात एका कंपनीकडून अशा वस्तू २० हजारांच्या वर गेल्या तर त्यावर १० टक्के टीडीएसचा, म्हणजे आधीच कापून घ्यायच्या कराचा, नियम आहे, म्हणजे फुकट मशीनलाही कर लागतो.

आणि घरबसल्या पॅकिंगचं काम, आधी रजिस्ट्रेशनचे पैसे भरा, असल्या जाहिराती कितीही पैसे दिले तरी घेऊ नका. हे लोक मुद्दाम शिवणकामाच्या चॅनेलवर येतात कारण घरी बसून चार पैसे मिळवू पाहणाऱ्या बायका तिथेच आहेत. तुमच्या शब्दावर एखादीने साठवलेले पैसे घालवले तर ते कशाने भरून काढणार?

ब्रँडच्या नावाने येणाऱ्या ईमेलमधली फाईल पण उघडू नका, करारपत्र म्हणून व्हायरस पाठवतात आणि चॅनेल हातचं जातं. अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या सारोळा कासारच्या सुमन धामणे आजी, आपली आजी चॅनेलवाल्या, त्यांचं चॅनेल २०२० मध्ये हॅक झालं होतं, काही दिवसांनी परत मिळालं ते नशीब. टू-स्टेप व्हेरिफिकेशन लावा, चॅनेलचा ईमेल वेगळा ठेवा, त्याचा पासवर्ड मुलांच्या गेमच्या मोबाईलमध्ये नको.

एकाच जागी सगळं ठेवायचं नाही याचं कारण आपण सगळ्यांनी बघितलंय. २९ जून २०२० ला टिकटॉक बंद झालं तेव्हा महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यातल्या कितीतरी जणांचे लाखो फॉलोअर एका रात्रीत गेले. म्हणून ज्या बाईने एकदा विकत घेतलं तिची नोंद तुमच्या वहीत किंवा एक्सेलमध्ये हवी, नाव, गाव, नंबर, माप, काय घेतलं, आणि पुढचे मेसेज पाठवू का हे तिला विचारून. व्हॉट्सअॅपवर एकदम सगळ्यांना पाठवायचा ब्रॉडकास्टचा मेसेज तिने तुमचा नंबर सेव्ह केला असेल तरच जातो, त्यामुळे पाकिटात एक चिठ्ठी टाका, हा नंबर या नावाने सेव्ह करा म्हणजे शंका विचारता येतील. व्हॉट्सअॅप चॅनेल पण काढा पण त्यात असलेल्यांचे नंबर तुम्हाला मिळत नाहीत, वही ती वहीच.

हिशोबाचं थोडक्यात. बँक खातं वेगळं ठेवा. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची नोंदणी, सरकारी पोर्टलवर फुकट होते, तिचे हजार-दोन हजार मागणाऱ्याला देऊ नका. सेवा देत असाल तर वर्षाला २० लाखांच्या उलाढालीपर्यंत जीएसटी नोंदणीतून सूट आहे, म्हणून बऱ्याच जणी निवांत असतात, पण छापील पेपर कटिंग ही वस्तू झाली आणि वस्तू राज्याबाहेर विकली की ती सूट सहसा चालत नाही, नोंदणी लागते. बेळगाव, गोवा, इंदूर, बडोदा इथून मराठी बायका मागणी करतातच. सोपा मार्ग म्हणजे नोंदणी होईपर्यंत राज्याबाहेर पीडीएफ आणि ऑनलाईन बॅचच द्या. एकदा सीएकडे जाऊन तुमचं नेमकं प्रकरण दाखवून घ्या, तेवढी फी वसूल होते.

मदतीला माणूस घ्यायची वेळ आली की सगळ्या आधी एडिटर शोधतात. मी म्हणेन आधी पाकिटं भरायला आणि मेसेजला पहिलं उत्तर द्यायला कुणी घ्या, शेजारची शिकाऊ मुलगी चालेल, पण पगार ठरवून द्या. एडिटिंग आपल्या व्हिडिओला फार लागत नाही. मापाच्या शंकेचं उत्तर मात्र तुम्हीच द्या, ते तिच्यावर सोडू नका.

शेवटचा प्रश्न सगळ्याच विचारतात, गिऱ्हाईकांची शिलाई कधी बंद करू? पेपर कटिंग आणि बॅच यांचे पैसे, जाहिरात आणि ब्रँड सोडून, सलग बारा महिने घरखर्चाला पुरले आणि सहा महिन्यांचा खर्च बाजूला पडला की कमी करा. एखादा दिवाळीचा महिना चांगला गेला म्हणून नको, आषाढसुद्धा धरायचा. आणि तेव्हाही चार-पाच गिऱ्हाईकं ठेवाच, वेगवेगळ्या अंगाची, एक तरी उतरत्या खांद्याची, एक तरी ४४ च्या वरची, कारण त्यांच्या अंगावर ट्रायल घेतल्याशिवाय नवीन पेपर कटिंग विकायला काढायचं नाही.